पत्रकाबाहेरचं नाव

“पोरीचं नाव घाला की नृसिंहराव. नावाबिगर ह्या कागदाला कोण इचारतंय?”

जिल्हाध्यक्ष वीरभद्र अण्णा खुर्चीतच मांडी घालून बसले होते. अकराला पत्रकार परिषद होती. नृसिंहरावांच्या कॉम्प्युटरवर पत्रकाच्या नऊ ओळी तयार होत्या: सरकारचं परराष्ट्र धोरण एकाच बाजूला झुकलं, शेजारी दुरावले, आखातातले भारतीय वाऱ्यावर सोडले. पक्षाच्या राजारामपुरीतल्या कार्यालयात सत्तावीस वर्षं ते हेच लिहीत आले होते. मध्ये पक्ष सत्तेत होता, तेव्हा ‘परराष्ट्र धोरणात राजकारण आणू नये’ असंही त्यांनीच लिहिलं होतं. दोन्ही वेळा शुद्धलेखन चोख होतं, एवढंच काय ते समाधान.

“नको अण्णा. तीच नको म्हणालीय.”

निशिगंधा त्यांची एकुलती मुलगी, आखातातल्या एका इस्पितळात नर्स. आठ दिवस तिथं क्षेपणास्त्रं पडत होती, विमानं बंद होती. काल फोनवर ती दोनच मिनिटं बोलली. “बाबा, दूतावासाच्या यादीत नाव दिलंय. पण पेपरात काही आणू नका. बाहेर बोलली म्हणून केरळच्या एका मुलीला इथं कामावरून काढलं, आणि तिचा पासपोर्टही देईनात. माझाही इस्पितळाच्याच कपाटात आहे.”

“नाव आलं तर दिल्ली हलंल,” अण्णा म्हणाले. “तुमच्या भल्याचंच सांगतोय न्हवं?”

अण्णा खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. श्यामलाताई, म्हणजे नृसिंहरावांच्या पत्नी, शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा शिरोळहून स्वतःची गाडी घेऊन अण्णाच धावून आले होते. अशा माणसाला दुसऱ्यांदा नाही म्हणायला जीभ रेटत नाही. नृसिंहरावांनी नाव न घालताच कागद छापला. अण्णा पत्रक आधी कधी वाचत नसत. सही ठोकत आणि थेट कॅमेऱ्यापुढं वाचत. नृसिंहरावांची सगळी भिस्त त्या सवयीवर होती.

पाच पत्रकार, दोन कॅमेरे आणि चहा. अण्णांनी ‘दुरावले’वर आवाज चढवला, ‘वाऱ्यावर’ला टेबलावर हात आपटला. नऊ ओळी संपल्या. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं.

“अण्णा, हे झालं दिल्लीचं,” अवनी नावाची तरुण पत्रकार म्हणाली. “आपल्या जिल्ह्यातलं कोण अडकलंय काय तिकडं?”

अण्णांनी नृसिंहरावांकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता. बोलायला वाट करून देतोय, असंच त्यांना वाटत असावं.

“आमच्या नृसिंहरावांस्नी इचारा. त्येंच्याकडं हाय म्हाइती.”

दोन्ही कॅमेरे वळले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच. नृसिंहरावांनी उगाच शर्टाचं वरचं बटण लावलं. त्यांना पोरीचा कालचा थकलेला आवाज आठवला आणि फार भीती वाटली. लाजही वाटली, कारण कुठल्याही बापाच्या तोंडून निघू नये ते त्यांना बोलायचं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “आपल्याकडचं कोणी नाही तिकडं.”

“नक्की?”

“नक्की.”

पत्रकार गेल्यावर अण्णांनी नृसिंहरावांच्या खांद्यावर हात ठेवला, “च्या घ्या, गार व्हायलाय,” म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी नृसिंहराव नेहमीसारखे नऊला आले. निशिगंधाचा फोन कालपासून लागत नव्हता. टेबलावर पेपरांचा गठ्ठा होता. पक्षाची बातमी आली की कापून फाइलला चिकटवायची, हे त्यांचं सकाळचं पहिलं काम. परराष्ट्र धोरणाच्या नऊ ओळींतली एकही कुठं छापून आली नव्हती. फक्त एका पेपरात आतल्या पानावर छोटी चौकट होती: ‘जिल्ह्यातील कोणीही आखातात अडकलेले नाही, विरोधी पक्षाचीच माहिती.’

पट्टी धरून त्यांनी ती सरळ कापली, गोंद लावून फाइलमध्ये चिकटवली, वर तारीख घातली. मग चिकट बोटं रुमालाला पुसून पुन्हा एकदा पोरीचा नंबर लावला.