एकमताने मंजूर

पोर्फिरी लुकिच जिल्ह्याचा पक्षसचिव कसा झाला, ते त्याच्या बायकोला, शाळेत शिकवणाऱ्या क्लावदियाला, चांगलं ठाऊक होतं. ज्या साहेबाने त्याला वर आणलं त्याच्यावरची मॉस्कोची मर्जी फिरली, की भर सभेत सगळ्यांआधी उठून पोर्फिरीच त्याचे वाभाडे काढायचा. दरवेळी घर मोठं होत गेलं. क्लावदियाही त्या घरांत सुखाने नांदली, खोटं कशाला बोला.

या खेपेला पाळी तिच्या सख्ख्या भावाची होती. तीखोन सामुदायिक शेतीचा अध्यक्ष आणि जिल्हा समितीचा सभासद. लोण्याचा कोटा भरेना, तेव्हा पोर्फिरीच्या हुकमाने साऱ्या शेतांनी शहरातल्या दुकानांतून लोणी आणलं आणि आपलंच म्हणून सरकारजमा केलं. तीखोन म्हणाला, "माझ्या गाई देतील तेवढंच देईन." झालं, त्याला पक्षातून काढायचा ठराव आला. पक्षातून काढलेल्याला कुणी गोठा झाडायलाही ठेवत नसे.

"तू बोलू नकोस, पोर्फिरी. हवं तर आजारी पड."

"तुझा भाऊ म्हणूनच तर मला पहिलं बोलायला हवं, क्लावा. एवढंही कळत नाही?"

संध्याकाळी तो खुशीत परतला आणि बूट काढायच्या आधीच कोबीचं सूप मागितलं.

"सुटलो बाई. एकमताने मंजूर."

"एकमताने? तीखोन होता ना तिथे?"

"होता की. त्यानेही हात वर केला. मी आधीच कानात सांगितलं होतं, एक जरी हात खाली राहिला तर तुझ्या बहिणीची शाळेतली नोकरी गेली म्हणून समज. शहाण्यासारखं ऐकलं त्याने."

तो भुरके मारू लागला. मिशीला सुपातली साय लागली होती. क्लावदियाला शिसारी आली. या माणसाशेजारी आपण इतकी वर्षं निजलो!

दुसऱ्या दिवशी प्रत्येक कचेरीत झाली तशी शाळेतही सभा झाली, तीखोनच्या निषेधाची. हात वर करायचा नाही, असं ठरवूनच ती घरून निघाली होती. मुख्याध्यापिकेने ठराव वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. भावाने जी नोकरी वाचवली ती आपण घालवायची का, असं क्लावदियाच्या मनात आलं, आणि तिचा हात सगळ्यांआधी वर गेला.

शेजारच्या भूगोलाच्या बाई कौतुकाने कुजबुजल्या, "शोभता हं पोर्फिरी लुकिचना."