जुनी जाळी

बाबांना घाईघाईनं फोन केला आणि तिनं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. धोंडाही बाबांचाच होता.

तरुणपणी एका उघड्या टेकडीवरून त्यांनी तो आणला होता. लॅबमध्ये तिनं त्याचा अर्धा तुकडा कुटला, चाळला आणि त्यातले झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेगळे केले. झिरकॉनमधल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं; किती झालं, त्यावरून वय काढायचं. सगळे कण तीनशे वीस कोटी वर्षांचे निघाले, एक मात्र चारशे दहा कोटींचा. पृथ्वी धड निवली नव्हती तेव्हाच खंडांचं कवच तयार व्हायला लागलं होतं, हे बाबा जन्मभर घसा फोडून सांगत होते. त्यावर सगळ्यात जास्त हसले ते दाढीवाले काका, त्यांचे जिवलग मित्र. "याला दगडात हवं ते दिसतं," असं ते भर सभेत म्हणाले आणि दोघांचं बोलणं कायमचं तुटलं.

फोनवर बाबा रडले. ती हसतच चाळण्या धुवायला गेली आणि हातातली जाळी उजेडात धरून बघायला लागली.

चाळणीच्या कड्यावर कापडी जाळी ताणून बसवतात आणि एक दगड झाला की ती फाडून टाकतात. धाग्यात रुतलेला कण कितीही धुतलं तरी निघत नाही. नव्या जाळ्या यायच्या होत्या, पण दगड बाबांचा, तिला कुठला धीर! तिनं जुनीच धुऊन वापरली होती. त्या जाळीतून आधी गेला होता दाढीवाल्या काकांनी तपासायला पाठवलेला दगड. त्याचे वेगळे केलेले कण अजून न मोजता बाटलीतच होते.

घरी पोचली तेव्हा बाबा कुणाला तरी फोनवर सांगत होते, "चारशे दहा! माझ्या लेकीनं मोजलं!" हे आता कसं सांगायचं? पण न सांगता जेवण तरी घशाखाली उतरलं असतं का?

"बाबा, जाळी जुनी होती. आधी तिच्यातून दाढीवाल्या काकांचा दगड गेला होता."

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. फोन ठेवून ते खुर्चीत बसले. वर्तमानपत्रांवर वजन म्हणून ठेवलेला उरलेला अर्धा दगड त्यांनी उचलला, थोडा वेळ मांडीवर धरला आणि तिच्या हातात दिला.

"काप याला. कण बाहेर न काढता दगडातल्या दगडात मोज. मग चाळणीचा प्रश्नच नाही."

"बाबा, मग काहीच उरणार नाही."

"काप म्हटलं ना."

आठवडाभर तिचं कशात लक्ष नव्हतं. कापांमधला कण न् कण मोजून झाला. तीनशे वीस, तीनशे अठरा, पुन्हा तीनशे वीस. शेवटचा आकडा बाबा तिच्या शेजारी उभे राहून बघत होते. तिला त्यांच्याकडे मान वळवून बघायची हिंमत होईना.

"तो कण खोटा नव्हता," बाबा म्हणाले. "फक्त आपला नव्हता. दाढ्याची बाटली काढ."

तिनं बाटली काढली. संध्याकाळपर्यंत त्यातले सात कण चारशे दहाच्या घरात निघाले.

बाबांनी तिचाच फोन घेतला. नंबर त्यांना पाठ होता.

"दाढ्या, मी बोलतोय. तुझा दगड चारशे दहा कोटींचा निघालाय."

पलीकडून विचारलं गेलं, "आणि तुझा?"

"माझ्यात काही नाही," बाबा म्हणाले. "कापला. तू ये, तुकडे दाखवतो."