नाल्याच्या अलीकडे

चंदाचा मोह गावातल्या सगळ्या मोहांपेक्षा उशिरा गळायचा. बाकीच्यांच्या घरी मोहफुलं वाळून पोत्यात जायची, तेव्हा कुठं या झाडाला जाग यायची. "झाड बी तुह्यावरच गेलं," असं गावातल्या बाया म्हणायच्या, कारण चंदाची कूसही लग्नानंतर अकरा वर्षांनी उजवली होती. चंदाला या थट्टेचा राग येत नसे. उशिरा का होईना, टोपली भरतेच ना, एवढंच ती म्हणायची.

उशिराच्या झाडाची एक अडचण मात्र होती. रानात सोबतीला कोणी उरत नसे. त्या दिवशी उजाडता उजाडता चंदा आठ महिन्यांच्या आचलला कडेवर घेऊन एकटीच निघाली. घरी पोरीला सांभाळणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि नवरा सोमाजी शेजारच्या गोपालला घेऊन तलावावर जाळं ओढायला गेला होता. तलाव आणि मोह यांच्यामध्ये एक कोरडा नाला, आणि नाल्याच्या तलावाकडच्या काठावर बांबूची दाट बेटं. तलावात माणसं काठीनं पाणी बडवून मासे जाळ्याकडे हाकलायची, त्याची थप थप मोहाखाली ऐकू यायची. तेवढ्या आवाजाच्या भरवशावर चंदा रानात बसायची. शहाण्या माणसानं बसू नये, हे खरं. पण मोहफुलं काही वनखात्याच्या सूचना वाचून गळत नाहीत.

तिनं समोरच्या तेंदूच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. दूध पिऊन पेंगलेली पोर त्यात ठेवली आणि ती फुलं वेचायला लागली. टोपली अर्धी झाली असेल नसेल, चितळ ओरडलं. पुन्हा ओरडलं. चंदानं मान वर केली, तर ती आणि झोळी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत वाघीण उभी होती.

यानंतर जे झालं त्याबद्दल चंदा स्वतःला काय काय बोलली, ते सगळं सांगण्यासारखं नाही. जीव वाचवायला हातपाय कोणाची परवानगी घेत नाहीत. ती भानावर आली तेव्हा मोहाच्या वरच्या बेचक्यात फांदीला मिठी मारून बसलेली होती, आणि पोर खाली होती. जिच्यासाठी अकरा वर्षं पदर पसरला, तिला खाली टाकून आई झाडावर चढली होती. आपल्या हातापायांची तिला इतकी किळस आली की ते तोडून फेकावेसे वाटले.

वाघिणीनं एकदा वर पाहिलं. मग आपल्याच अंगणात असल्यासारखी ती तिथंच आडवी झाली.

"आचलचे बाबाऽऽ!" चंदानं हाक मारली.

नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. पोर होईपर्यंत नवऱ्याला हाक मारायला तिच्याजवळ शब्दच नव्हता, नुसत्या 'अवो'वर तिनं संसार केला. पोर झाली आणि ही हाक मिळाली. गावात ती कामाशिवायही चार वेळा मारायची, आणि बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

तलावावरची थप थप थांबली. म्हणजे ऐकलं! चंदाच्या जिवात जीव आला. आता पलीकडून ओ येईल, माणसं येतील, डबे वाजतील. वाघिणीचा नुसता एक कान हलला. ओ काही आली नाही.

तिनं जीव तोडून दुसरी हाक मारली. तशी वाघीण उठली, झोळीकडे गेली आणि बरोबर झोळीच्या खाली जाऊन बसली. झोळीत आचल चुळबुळली आणि पुन्हा शांत झाली. आता तिसरी हाक मारायची सोय उरली नव्हती. वाघीण आणखी बिथरली तर? पोर जागी होऊन रडली तर? चंदानं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला.

आणि मग तिला आठवलं. तिसऱ्या हाकेशिवाय सोमाजी येणार नव्हता.

रानातून आलेल्या पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, हे त्या भागातली जुनी माणसं आजही पाळतात. चकवा माणसाचा आवाज काढून हाक मारतो, पण त्याला दोनदाच जमतं. तिसऱ्यांदा हाक मारतं ते माणूसच. नवी पोरं यावर हसतात. चंदाला कधी हसू आलं नाही. तिचा बाप इतवारी ती लहान असताना कोणाची तरी पहिलीच हाक ऐकून ओ देत रानात धावला होता, आणि मग त्याला घरी आणायला चार माणसं जावी लागली. हाक कोणाची होती, ते कधी कळलंच नाही. त्यात सोमाजी हा असा भोळा, की कोणी हाक मारली तर तोंडातला घास टाकून उठायचा. म्हणून बारशाच्या दिवशीच चंदानं त्याचा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला होता. "तिसरी हाक आल्याबिगर ओ देऊ नोका, आन् नाला ओलांडू नोका. माह्या बापासारखं करसान त पोरीचं वाईट होईन." सोमाजीनं मुकाट्यानं शपथ घेतली. बायकोचं ऐकण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

म्हणजे दार तिनंच बंद केलं होतं आणि आता आतून तीच ठोठावत होती. बोल तरी कोणाला लावणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

ऊन फांद्यांतून खाली उतरलं. मोहाच्या लाल मुंग्या तिच्या पोटरीवरून मांडीकडे चढत होत्या, चावत होत्या, पण झटकायला हात सोडला तर फांदी हलली असती. पाय बधिर झाला. तलावावरून काही आवाज नव्हता, ना थप थप, ना बोलणं. खाली वाघिणीचं पोट सावकाश वरखाली होत होतं, आणि तिच्या डोक्यावर हातभर उंचीवर झोळी. चंदाला वर जाता येत नव्हतं, खाली येता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. रडतासुद्धा येत नव्हतं, कारण तिला हुंदक्याशिवाय रडायची सवय नव्हती.

माणसावर राग काढता येत नाही तेव्हा तो देवावर निघतो. गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली मातामाय होती, शेंदूर माखलेली. पदराचा बोळा दातांत धरून चंदा मनातल्या मनात तिच्याशी भांडायला उठली. "आइकू येते ना तुले, माय? अकरा साल तुह्या दारी आली. तवा बी अशीच चूप होती तू. द्यायचंच नव्हतं त देल्लं काऊन? आन् देल्लं त आता तिले खाली टांगलं आन् मले वर, हा कोन्ता खेळ करून राह्यली?"

त्या अकरा वर्षांत सगळ्यांनी तिला एकच सांगितलं होतं, देवाच्या घरी देर हाये, अंधेर नाई. सांगणाऱ्यांची घरं लेकराबाळांनी भरलेली असायची. चंदा मान हलवायची आणि मनात म्हणायची, देर झाली की बाईच्या घरात अंधेरच होते, बाई. एकदोनदा रुसून तिनं मातामायकडे जाणंही सोडलं होतं. मग पुन्हा गेली. भरवसा होता म्हणून गेली असं नाही, दुसरं दार नव्हतं म्हणून गेली. खरं सांगायचं तर भरवसा पुष्कळदा असाच असतो.

मातामाय काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे.

ऊन नाल्यात पोचलं तेव्हा चंदाला तिथं काहीतरी हललेलं दिसलं. तिनं डोळे ताणले. तलावाकडून येणारी पायवाट जिथं नाल्यात उतरते, बरोबर तिथल्या रेतीत दोन पिल्लं लोळत होती. मांजराएवढी नव्हेत, चांगली कुत्र्याएवढी. एकानं दुसऱ्याचं शेपूट तोंडात धरलं होतं.

सोमाजी पहिल्या हाकेला ओ देत धावला असता तर याच वाटेनं आला असता. बांबूतून बाहेर पडला की थेट पिल्लांच्या अंगावर. आणि पिल्लांपाशी माणूस पाहून वाघीण काय करते, हे या रानात कोणाला शिकवावं लागत नाही. चंदाला डोळ्यांपुढं आपला बाप दिसला, खाटेवर घालून आणलेला. मग त्या खाटेवर बापाचं तोंड राहिलं नाही, सोमाजीचं आलं.

"नोको माय," ती म्हणाली. इतका वेळ लवकर पाठव, लवकर पाठव म्हणून जिला शिव्याच द्यायच्या बाकी होत्या, तिच्याच ती पाया पडायला लागली. "आता कोनाले येऊ देऊ नोको. त्याईले तिकडंच ठेव. मी बसतो इथी, मले मुंग्या खाऊ दे, पन तू त्याईले येऊ देऊ नोको."

आता ती दोन्हीकडून अडकली होती. माणूस यावं असं म्हणवत नव्हतं आणि येऊ नये म्हटलं तर पोर तिथंच राहत होती.

तेवढ्यात आचल जागी झाली. आधी झोळीतून एक पाय बाहेर आला, काळा दोरा बांधलेला. मग ती आपल्याशीच काहीतरी बोलायला लागली. मग आई दिसेना म्हणून ओठ काढून तिनं सूर लावला. वाघीण उठली. तिनं मान वर केली आणि त्या पायाचा वास घेतला.

चंदा खाली उतरायला लागली. या वेळी हातापायांना तिनंच हुकूम केला होता. वर जाताना ज्या खोडानं तिला कुठं खरचटलं नव्हतं, त्यानं आता गुडघे सोलले. काय करणार होती कोण जाणे. हातात टोपलीसुद्धा नव्हती. पण तिच्या मनानं घेतलं होतं, की आता मेलं तर झोळीपाशी मरायचं.

ती अर्ध्यावर आली असेल, नाल्यातून एक पिल्लू ओरडलं. बारीक आवाज, कुरकुरीचा. वाघिणीनं पायावरून तोंड काढलं आणि ती वळून नाल्याकडे धावली. एकाच हाकेला. चंदा खोडाला चिकटून बघत राहिली. वाघीण रेतीत उतरली, दोघांना तोंडानं ढकलून पुढं घातलं आणि नाल्यानाल्यानं वरच्या रानाकडे निघून गेली. चितळ पुन्हा ओरडलं, पण आता लांबून.

चंदानं उडीच टाकली. लंगडत, सरपटत झोळी गाठली, पोरीला छातीशी धरलं आणि तोंडातला पदर ओढून काढून तिनं तिसरी हाक मारली. ती हाक कसली, नुसता फाटलेला आवाज होता.

"ओऽऽ!"

ओ इतकी जवळून आली की चंदा दचकली. तलावावरून नव्हे, नाल्याच्या पलीकडच्या काठावरून, बांबूतून. आवाज संपायच्या आत सोमाजी बांबूतून बाहेर पडला होता, नाला ओलांडत होता, पडत होता, उठत होता. त्याच्यामागं पाणी बडवायची काठी घेऊन गोपाल.

"कवापासून होते तिथी?" चंदानं विचारलं.

"पयल्या हाकेपासून. जाळं पान्यातच सोडलं."

"मंग ओ काऊन नाई देल्ली?" तिनं पोर एका हातावर घेतली आणि दुसऱ्या हातानं त्याच्या छातीवर बुक्की मारली. "मी मेली असती ना! काऊन नाई देल्ली ओ?"

"तूच त पोरीची शपथ घातली," सोमाजी म्हणाला. तो बुक्क्या खात उभा होता. "पन शपथ नाल्यापासून होती ना. नाल्यापावतर याले मले कोन अडोते?"

"भाभी, तुमाले सांगतो," गोपाल म्हणाला, "तुमी दोन हाका देऊन चूप झाल्या, तवा यानं समजलं का तुमी गेल्या. दोन डाव उठला हा. मीच कंबर धरून बसवला, म्हटलं पोरीची शपथ हाये, भाऊ. पिल्लं आमच्यापुढंच होते, वाघीन न्याले आली तवा कुठी दिसले. तवापावतर हा दुपट्टा चावत बसला होता."

चंदानं सोमाजीच्या गळ्यातला दुपट्टा पाहिला. एक टोक चावून चावून ओलं चिंब झालं होतं, आणि त्याला रक्ताचा डाग होता. त्याचा खालचा ओठ फाटला होता. तिच्याही तोंडात पदराचे धागे अजून अडकलेले होते.

सकाळभर तिला वाटत होतं की या रानात अडकलेली ती एकटीच आहे. पलीकडे आवाज नाही म्हणजे पलीकडे कोणी नाही, असं तिनं धरलं होतं. सकाळभरच नव्हे, अकरा वर्षं तिनं तसंच धरलं होतं. ती मटकन खाली बसली आणि पोरीला पदराखाली घेतलं. डोळ्यांतलं पाणी आता तिला आवरायचं नव्हतं.

"अवो," ती म्हणाली, "मातामायले बी कोनं असीच लेकराची शपथ घातली असन काय?"

सोमाजीला त्यातलं काही कळलं नाही. तो खाली वाकून आचलचे पाय चाचपत होता, दोन्ही आहेत ना म्हणून.