डाव्या टॉन्सिलवरची गाठ

"डॉक्टरसाहेब, कापलेले टॉन्सिल मले बाटलीत घालून द्याल का? वर्गात दाखवाचे हायेत."

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रीण प्रेमिलानं आणि धरमपेठच्या शाळेतल्या अख्ख्या बाकानं लावली होती, आणि नववीतली शामला काही मागं हटणारी पोर नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं विचारलंच. डॉक्टर पोटभर हसले आणि देतो म्हणाले.

ती शुद्धीवर आली तेव्हा मात्र ते हसत नव्हते. बाटली मिळणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं. डाव्या टॉन्सिलला देठावर लोंबणारी, बोराच्या बीएवढी गाठ निघाली होती. या वयात अशी गाठ सहसा दिसत नाही, म्हणून ती तपासायला लॅबोरेटरीत पाठवली होती. मग ते बाबांना व्हरांड्यात घेऊन गेले आणि दार लोटून घेतलं.

घरी आल्यावर आठवडाभर बोलायचं नाही, असा हुकूम होता. बाई फळ्याकडे वळल्या की जिची बडबड सुरू व्हायची, ती शामला आता धाकट्या भावाच्या पाटीवर लिहून पाणी मागू लागली. आणि गंमत अशी, की जिला बोलता येत नाही तिला ऐकूही येत नाही, असं घरानं परस्पर ठरवून टाकलं. शोभाआत्या तिच्याच खाटेवर टेकून आईला विचारायची, "वयनी, कॅन्सर तर नसंन वं?" आई डोळ्याला पदर लावायची. बाबा वाडीच्या गोदामातलं काम आटपून आले, की सगळे हळू आवाजात बोलायचे. तिच्याशी मात्र कोणीच नाही. तिनं पाटीवर लिहिलं, 'ते काय होतं?' आईनं पाटी पुसली आणि थंड दुधाचा पेला पुढे केला.

प्रेमिला येऊन गेली. एकटीच बोलली आणि बोलणं संपलं तशी उठून गेली. दुपारी घर निजलं की शामला जिभेनं गळ्यातली ती जागा चाचपायला बघायची. जीभ तिथवर पोचायची नाही.

रिपोर्टच्या दिवशी बाबांनी सायकल काढली. काय ते तिकडेच नीट विचारून घ्या, पोरीसमोर नको, असं आई सांगत होती. शामला चपला घालून दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

"मी बी येऊन राहिली, बाबा. गाठ माह्या गळ्यातली होती. डॉक्टरले जे सांगाचं हाये, ते मलेच सांगतीन."