नवव्या दिवसाचा दुसरा उंचवटा

माझी बायको मैना गेल्याची बातमी मला पोलाद कारखान्यात, भट्टीच्या कंट्रोल रूमच्या फोनवर कळली. १९८८ सालचा फेब्रुवारी होता, माझी सकाळची पाळी होती. पाळीवरच्या सोबत्यानं, हिरालाल साहूनं फोन घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "देवाजी, गोंदिया से है." तिकडून माझे मेहुणे गुलाबराव बोलत होते.

"जवाईबापू, मैना सकाळी गेली जी."

मी "हो" म्हणालो. फोन ठेवला, वही ओढली आणि नऊ वाजून वीस मिनिटांचं भट्टीचं तापमान लिहायला लागलो. हिरालालनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

तिला कावीळ झाली होती. औषधासाठी भावाकडे गेली, ती तिकडचीच झाली. जाताना पिशवीत दोन साड्या, विणायच्या सुया आणि शीलाचे कागद घेतले होते. ती पिशवी तेरवीनंतर माझ्याबरोबर हुडको कॉलनीतल्या घरी आली.

कागदांचं सांगायला हवं. शीला आमची एकुलती मुलगी. मुंबईला एका संस्थेत ताऱ्यांचा अभ्यास करते. तिचा एक तारा आहे, तो अठ्ठेचाळीस सेकंदांत स्वतःभोवती एक फेरा घेतो. प्रत्येक फेऱ्यात त्याचे एक्स-रे एकदा वाढतात आणि कमी होतात. शेजारच्या मोठ्या ताऱ्याचा गॅस त्याच्यावर पडायला लागला की तो काही आठवडे भडकतो. अशा एका भडक्याचे एकवीस दिवसांचे आकडे उपग्रहानं मोजले होते. शीलाचं म्हणणं, भडका वाढला तेव्हा ताऱ्याची फिरायची गती थोडी वाढली आणि फेऱ्यातल्या चढउताराचा आकारही बदलला. गती तिच्या सरांना पटली. आकार पटला नाही. ते म्हणाले, प्रोग्रॅम चुकला असेल, रोजच्या एका तासाची बेरीज हातानं करून दाखव. नाहीतर प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाक.

दिवाळीत शीला कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि रडकुंडीला येऊन बसली. मैना सातवी शिकलेली. अर्ध्या कॉलनीचे स्वेटर तिनं विणले होते. ती म्हणाली, "आण इकडं. दोनशे टाके मोजतो मी, बारा खाने नाही मोजनार कावून?"

कागदावर एक ओळ म्हणजे ताऱ्याचा एक फेरा. ओळीत बारा खाने, एकेक चार सेकंदांचा. ओळी शीलानं बरोबर लावून दिल्या होत्या. पंचाहत्तर ओळींची उभी बेरीज करायची. कमी ताकदीच्या एक्स-रेची निळ्या शाईनं, जास्त ताकदीच्या लाल शाईनं. मैना ओळीखाली विणायची सुई आडवी ठेवायची, म्हणजे नजर घसरत नसे. मी बाजूला बसून तपासायला गेलो की म्हणायची, "तुमी आपल्या मीटरच्या काचेले टिचक्या मारा जी. माहं मले करू द्या."

गोंदियाला जाण्याआधी तिनं पहिल्या आठ दिवसांची बेरीज संपवली होती. रोज तिसऱ्या खान्यात एक उंचवटा येत होता. पिशवीतून आलेल्या कागदांवर नऊ ते सोळा दिवस पूर्ण होते. पण नवव्या दिवशी आठव्या खान्यात दुसरा उंचवटा होता. पुढे तो वाढतच गेला.

मला वाटलं, ताप होता, औषधं चालू होती, तिची ओळ घसरली. माझी बत्तीस वर्षांची सवय अशी की एकच काटा अचानक उडाला तर त्या आकड्याला गोल करायचा, बाजूला आधीचा आकडा लिहायचा आणि मीटर दुरुस्तीला कळवायचं. मी तेच केलं. आठव्या खान्याच्या त्या आठही दिवसांच्या आकड्यांभोवती गोल केले आणि बाजूला आठव्या दिवसाचा आकडा लिहिला. तिच्या चुकीनं पोरीचं काम बिघडू नये, एवढंच मनात होतं.

एप्रिलमध्ये शीला आली. कागद बघून तिनं विचारलं, "बाबा, हे गोल कोणी केले?"

"मी. तुझ्या आईले बरं नव्हतं. चुकली असेल."

"तुम्ही बेरीज करून पाहिली?"

मी पाहिली नव्हती.

"काच वाजवून मोकळे झाले!" ती म्हणाली. "बसा इथं. वाचा."

मी सुई सरकवत आकडे वाचत गेलो, ती बेरीज करत गेली. नवव्या दिवसाचा आठवा खाना मैनाच्या आकड्याशी जुळला. दहाव्याचा जुळला. आठही दिवस जुळले, निळे आणि लाल दोन्ही. शीला टेबलावर डोकं ठेवून रडली, मग हसायला लागली.

"बाबा, मी हेच सांगून राहिली होती सरांना. गॅस कमी पडतो तेव्हा एक्स-रे ताऱ्याच्या ध्रुवावरून सरळ वर निघतात. खूप पडला की तिथं ढीग उभा राहतो, मग ते ढिगाच्या बाजूनं निघतात. म्हणून एकाचे दोन उंचवटे झाले."

भट्टीत माल जास्त पडला की धग बाजूनं वाट काढते, ते मी रोज बघतो. मला लगेच समजलं. काटा बरोबर होता, आणि मी तो खोटा ठरवला होता. रबर घेऊन माझे पेन्सिलचे गोल पुसले. दोन ठिकाणी कागद थोडा फाटला.

शीला सोळा दिवसांचे कागद घेऊन गेली, उरलेल्या पाच दिवसांचे माझ्याजवळ राहिले. महिन्यानं पत्र आलं. सर म्हणाले, प्रकरण राहू दे, पण उरलेले पाची दिवस पूर्ण कर, भडका उतरताना पुन्हा एकच उंचवटा होतो का ते बघायचं आहे. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, 'सरांनी विचारलं, इतकी स्वच्छ बेरीज कोणाची? मी आईचं नाव सांगितलं.'

ते पत्र मी हिरालालला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "भाभी ने तो तेरी भी गलती पकड़ ली." मी म्हणालो, घरी ती नेहमीच पकडायची.

आता पाळीवरून आलो की चहा करतो, मैनाची सुई काढतो आणि राहिलेल्या बेरजेला बसतो. माझा हात तिच्यापेक्षा हळू आहे, पण घाई नाही, आणि त्या टेबलावर बसलं की बरं वाटतं. सतराव्या दिवशी दुसरा उंचवटा थोडा बसलेला दिसतो, अठराव्याला आणखी. निळी बेरीज काल विसाव्या दिवसापर्यंत आली. एकविसाव्या दिवसाची निळी आणि पाची दिवसांची लाल बेरीज अजून व्हायची आहे.