आजची चूक

विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं चूकबाई म्हणायची, तेही तोंडावर. बाईंना त्याचा राग नव्हता. ते नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर कमावलं होतं. प्रत्येक तासाला त्या एक चूक मुद्दाम करायच्या. लाकडी ठोकळा पाण्यात सोडायच्या आणि "जड आहे ना, म्हणून तरंगतो," असं बेधडक ठोकून द्यायच्या. ती चूक वर्गाने पकडायची. नियम दोनच. चूक पुरती होऊ द्यायची, मध्येच ओरडायचं नाही. आणि नुसतं 'चुकलं' म्हणून भागायचं नाही, करून दाखवायचं.

मग काय विचारता! एरवी जांभया देणारी पोरं डोळ्यांत तेल घालून बसायची. शेजारच्या वर्गात गणिताचे सर घसा कोरडा करत असायचे आणि इथे सगळे तारा, बल्ब, भिंगं घेऊन बाईंना खोटं पाडायला टपलेले.

घरी मात्र त्यांना खोटं पाडणारं कोणी उरलं नव्हतं. नवरा होता तोवर हे काम तो मोठ्या आनंदाने करायचा. भाजीत मीठ नाही, गॅस चालूच राहिलाय, चष्मा कपाळावर आहे आणि शोधतेस कुठे? तो गेल्यावर धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं, "ताई, चुकल्या-चुकल्यासारखं वाटत असेल ना गं तुला?"

"छे, तसं काही नाही. शाळा आहे की," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि टीव्ही लावला. बघायला नव्हे, घरात कोणाचा तरी आवाज हवा म्हणून. एकटेपणाला त्यांचा जीव अगदी विटून गेला होता, पण हे बहिणीला सांगायचं, मग ती तिकडे रडणार आणि तिची समजूत आपणच घालायची, हे कोण करत बसणार?

या वर्षी वर्गाला एकाच तासात दोन-दोन चुका सापडू लागल्या. "बाई, आज एकावर एक फुकट!" पोरं खूश. बाई शाब्बास म्हणायच्या आणि हळूच फळ्याकडे वळून बघायच्या. पहिली चूक त्यांची ठरवलेली असायची. दुसरी कुठून आली, ते त्यांना ठाऊक नसायचं. एकदा तर त्यांनी चुंबकाचा अख्खा धडा रंगवून शिकवला, कागदावर लोखंडाचा कीस पसरून दाखवला, आणि शेवटी पुढच्या बाकावरची चष्मेवाली उठली.

"बाई, हे कालच झालंय! आजची चूक म्हणजे अख्खा तासच!"

वर्गाने टाळ्या पिटल्या. बाईंनीही पिटल्या.

कळत त्यांना सगळं होतं. डॉक्टरांकडे जायला हवं, मुख्याध्यापकांच्या कानावर घालायला हवं. पण एकदा कानावर घातलं की वर्ग हातचा जाणार, आणि वर्ग गेला की त्यांची वाट बघणारं जगात कोणी राहणार नाही. म्हणून त्या चालढकल करत राहिल्या.

मग आम्लाचा धडा आला. तीव्र आम्ल सौम्य कसं करायचं, ते दाखवायचं होतं. टेबलावर काचेची दोन भांडी. पुढची पोरं सवयीने नाक टेबलाला लावून उभी. बाईंनी बोलता बोलता एक भांडं उचललं, दुसऱ्यावर तिरपं केलं आणि सहज समोर पाहिलं.

सगळ्यांचे चेहरे फुलले होते. चष्मेवालीचा हात अर्धा वर आला होता आणि हसू दाबायला तिने ओठ घट्ट मिटले होते. म्हणजे आपल्या हातून काहीतरी चुकतंय, एवढं बाईंना समजलं. काय चुकतंय, ते समजेना. त्यांनी एका भांड्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. जन्मभर शिकवलेली गोष्ट, पण काही केल्या आठवेना.

"आज नियम मोडायचा," त्या म्हणाल्या. "आत्ताच सांगा. काय चुकतंय?"

"पण बाई, अजून पुरती झालीच नाही चूक!" मागून कोणीतरी कुरकुरलं.

"सांगा म्हणते ना!"

बाईंचा असा आवाज वर्गाने कधी ऐकला नव्हता. चष्मेवाली चाचरत म्हणाली, "ॲसिडमध्ये पाणी नाही ओतायचं. पाण्यात ॲसिड ओतायचं, थोडं थोडं. नाहीतर उसळून तोंडावर येतं. तुम्हीच सांगितलं होतंत."

बाईंनी भांडं खाली ठेवलं. टेबलाला टेकलेली ती सगळी नाकं, ते डोळे त्यांनी एकेक करून पाहिले.

"मागे सरका सगळे. अजून मागे," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या. "बाळांनो, ही चूक मी मुद्दाम केली नव्हती."

कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"हल्लीच्या बऱ्याचशा मुद्दाम नव्हत्या. मी विसरते. हा तास संपला की मुख्याध्यापकांना जाऊन सांगणार आहे. मग तुम्हाला दुसरं कोणीतरी शिकवेल."

बाकीची पोरं बाकांवर जाऊन बसली, चष्मेवाली अजून उभीच होती. शंका फिटल्याशिवाय बसायचं नाही, ही सवय बाईंनीच लावलेली.

"बाई, इथे आम्ही असतो. घरी चुकलं तर तुम्हाला कोण सांगतं?"

बहीण आहे, शेजारी आहेत, असं काहीबाही बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण या पोरांपुढे खोटं पचत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"कोणी नाही गं," त्या म्हणाल्या.