हिरव्या साडीचा टॅग

अनंताला निष्काळजी म्हणेल त्याची जीभ झडेल. दाराचं कुलूप दोनदा ओढून बघणारा, गॅस बंद आहे ना म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येणारा पोरगा तो. पण असल्या माणसांचं एक असतं बघा. चुकत नाहीत, चुकत नाहीत, आणि चुकले की अशा जागी चुकतात की निस्तरता येत नाही.

नोटबंदीच्या आदल्या वर्षाची गोष्ट. बऱ्हाणपुरात राजपुऱ्यातल्या घरी, जिन्याखालच्या खोलीत बसून अनंता लोकांना वेबसाइटी करून द्यायचा. भाईदास शेटच्या कापड दुकानाचं बिलाचं सॉफ्टवेअर त्यानेच पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं होतं. शेट माणूस हौशी. कुठूनतरी ऐकून आला आणि म्हणाला, अनंत, आपल्याला टॅग पाहिजेत. माझे वडील कोणत्या घरात काय कार्य आहे ते डोक्यात ठेवायचे, माझ्या डोक्यात काही राहत नाही, तू मशीनमध्ये ठेव.

टॅग म्हणजे काही मोठी विद्या नाही. आई डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवते ना, तसंच. आधी एका ग्राहकाला एकच रकाना होता. आता एकाच माणसाला हव्या तेवढ्या चिठ्ठ्या, आणि एक चिठ्ठी हव्या तेवढ्या माणसांना. अनंताने ग्राहकांचा एक तक्ता, टॅगांचा दुसरा, दोघांना जोडणारा तिसरा, असं सगळं व्यवस्थित उभं केलं. काउंटरवरच्या मुली बिल करताना विचारायच्या, ताई, कशासाठी घेताय? साखरपुडा, वास्तुशांत, मुंज, काय सांगतील ते बटण दाबायचं. शेट एकदम खूश.

मग शेटच्या डोक्यात पुढचा किडा वळवळला. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाळ जन्माला यायच्या आधी बाळाची चिंधीसुद्धा घरात आणायची नाही. झबलं, दुपटं, पाळण्याचं कापड, सगळी खरेदी नंतर, आणि तीही घाईघाईत, जे दुकान पहिलं दिसेल तिथे. शेट म्हणाला, ते पहिलं दुकान आपलं असलं पाहिजे. सातव्या महिन्यात हिरवी साडी आपल्याकडूनच जाते. त्या बिलावर 'डोहाळजेवण' टॅग लाव, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी आपोआप मेसेज जाऊ दे की बारशाच्या खरेदीला या, पाळण्याचं कापड आमच्याकडून भेट. अनंताला ते फार आवडलं. हुशारीचं काम होतं ना.

हे चालतं की नाही ते बघायला एक खरं बिल लागतं. त्याच आठवड्यात घरचंच बिल झालं होतं. अनंताची वहिनी शारदा, मोठ्या भावाची, नंदकुमार मास्तरांची बायको, तिला सातवा लागला होता. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच. आईने स्वतः दुकानात नेऊन हिरवी साडी घेतली. तिथे शारदाने पिवळ्या मऊ कापडाच्या ताग्याला नुसता हात लावला, तर आईने डोळे वटारले. आत्ता नाही, ते नंतर. अनंता कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसून हे सगळं बघत होता आणि हसत होता. 'डोहाळजेवण' हा पहिला टॅग त्याने वहिनीच्याच नावावर लावला, आणि चालतोय म्हटल्यावर मागच्या दोन-तीन महिन्यांत हिरवी साडी नेलेल्या बायकांनाही.

आठव्या महिन्यात शारदाचं मूल पोटातच गेलं.

त्यावर काय बोलायचं? आईने हिरवी साडी कपाटात तळाशी घातली. मास्तर शाळेतून उशिरा यायला लागले. वहिनी स्वयंपाक करायची, वाढायची, विचारलं तेवढंच बोलायची. आणि अनंता, डब्यावर चिठ्ठी चिकटवणारा अनंता, हे विसरूनच गेला की डब्यातलं संपलं तरी चिठ्ठी आपली आपण पडत नाही. टॅग लावायची सोय त्याने चोख केली होती. काढायचा केव्हा, हे ना शेटने विचारलं होतं ना याला सुचलं होतं.

रविवारी सकाळी सगळे पोहे खात होते. वहिनीचा फोन वाजला. तिने वाचलं, फोन हळूच पालथा ठेवला आणि उठून मोरीकडे गेली. आईने फोन उचलून मास्तरांना वाचायला दिला. शारदाताई, बाळराजांच्या आगमनाबद्दल अभिनंदन, बारशाच्या खरेदीला सहकुटुंब या. मास्तरांनी अर्ध्यातच वाचणं सोडलं. आईने तळतळाट केला, मेल्यांना माणसाची चाड नाही म्हणाली, भाईदासचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. अनंताने हातातली बशी खाली ठेवली. त्याला मेल्यासारखं झालं, पण हे आपलंच काम आहे एवढं काही त्याने सांगितलं नाही.

तो तसाच दुकानात पळाला. वहिनीच्या नावावरचा टॅग काढून टाकला. मग त्या टॅगखालची बाकीची नावं एकेक करून वाचत गेला. शाहपूरच्या, डोईफोडियाच्या, शहरातल्या कितीतरी बायका. कुणाचं काय झालं, मशीनला कसं कळणार? जिचं सगळं नीट पार पडलं ती येऊन कापड नेते. जिचं नाही झालं ती कशाला सांगायला येईल? त्याने शेटला म्हटलं, हा मेसेज बंद करू. शेटला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तो म्हणाला, अरे, या मेसेजवर केवढी गिऱ्हाइकी आली, तूच बघ ना. दोन-चार घरी असं व्हायचंच, देवाची मर्जी. तुझ्या वहिनीचं नाव काढलंस ना, बस. टेन्शन नको घेऊ.

अनंता घरी आला. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. पाठमोरीच म्हणाली, "भाऊजी, हे तुम्ही केलेलं ना?"

"हो, वहिनी. तुमचं नाव काढलं मी. आता नाही येणार परत."

"आणि बाकीच्यांचं?"

अनंताने शेटचं म्हणणं सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं, टोपलीतला शेवटचा टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग म्हणाली, मला दुकानात घेऊन चला. तो म्हणाला, वहिनी, कशाला जीवाला त्रास? ती पायऱ्या उतरायला लागलीसुद्धा. आईने विचारलं तर बाजारात जाऊन येते म्हणाली. मूल गेल्यापासून ती पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडत होती.

भाईदास शेट गादीवर होता. तो वहिनीला कुठून ओळखणार? तिने फोन पुढे धरला. तुमचा निरोप आला होता, भेट आहे म्हणे. शेटचा चेहरा फुलला. या, या, बसा ताई. त्याने स्वतः उठून कापडं काढली, गुलाबी, निळं, पिवळं, एकेक उलगडून तिच्या पुढ्यात टाकलं. अनंता दारात चपला काढायचं विसरून उभा होता.

"काय झालं ताई, मुलगा की मुलगी?" शेटने कौतुकाने विचारलं.

"मुलगी होती."

शेटचा हात कापडावरच थांबला. त्याने दाराकडे बघितलं, अनंताला बघितलं, आणि त्याला सगळं उमगलं. वहिनी काही रडली नाही. पिवळ्या कापडावरून तिने तळवा फिरवला, सातव्या महिन्यात फिरवायचा राहिला होता तसा.

"घरात तिच्यासाठी काहीच आणलेलं नव्हतं, शेटजी. आपली रीत. गुंडाळायला नवा धडपा नव्हता. यांनी दवाखान्याच्या टॉवेलात नेली तिला. तुमच्या मशीनमध्ये माझ्यासारख्या अजून असतील. त्यांना नका बोलावू."

दुकानातल्या मुलींनी माना खाली घातल्या. अनंता कॉम्प्युटरपाशी गेला, तो मेसेज आपोआप पाठवणारा नियम उघडला आणि पुसून टाकला. कुणाला विचारलं नाही. शेट बघत होता, पण त्याने अडवलं नाही. त्याने पिवळं कापड फाडलं, घडी घातली, आणि दोन्ही हातांनी वहिनीला दिलं.

अनंताने गाडी घराकडे वळवली. मागून वहिनी म्हणाली, "तुम्ही होतात ना यांच्याबरोबर? कुठे ठेवलंय तिला, ते मला कुणी सांगितलंच नाही."

अनंताने गाडी फिरवली आणि तापीच्या घाटाचा रस्ता धरला.